डावीकडून तिसरी

लेनिनग्राद, २६ फेब्रुवारी १९७२

चि. क्सेनियास अनेक आशीर्वाद, वि. वि.

पाकिटावर दवाखान्याचा पत्ता बघून घाबरू नकोस. उजवा पाय मोडला आहे, घोट्याच्या वर, दोन ठिकाणी. डोकं शाबूत आहे, हे हस्ताक्षरावरून कळेलच. सोमवारी सकाळी सहाला थिएटरच्या तिकिटांच्या रांगेची हजेरी होती. आमचा नियम तुला ठाऊक आहे: तळहातावर शाईने नंबर लिहायचा, आणि पुकारा झाला तेव्हा जो नाही त्याचं नाव खोडायचं. माझा नंबर अकरा. नऊ पुकारला तेव्हा मी ट्रॅममधून उतरत होते. धावले, आणि बर्फावर अशी आपटले की बायांनी आधी माझी हजेरी लावली, मग अँब्युलन्स बोलावली. तिकीट मिळालं, उशीखाली आहे. दैव देतं आणि कर्म नेतं, दुसरं काय!

आता मुद्द्याचं. बारा मार्चला, रविवारी दुपारच्या खेळात, उस्तीनोवा शेवटची नाचणार आहे. कोण उस्तीनोवा, असं विचारलंस तर पत्र फाडून टाक. बारा वर्षं सांगते आहे तुला. बॅलेच्या पांढऱ्या अंकात, जिथे सगळ्या जणी पांढऱ्या झग्यांत येतात, चोवीस मुली उभ्या असतात, त्यांच्यातल्या पुढच्या ओळीतली डावीकडून तिसरी. त्या चोवीस जणींची नावं पत्रिकेत छापत नाहीत. कोट सांभाळणाऱ्या पोलिनाने साठ साली मला तिचं नाव सांगितलं. सगळ्या जणी हात एकदम खाली आणतात, आणि हिचा डावा हात एक श्वासभर मागे राहतो, जणू खाली यायला त्याचं मनच नसतं. तो हात बघायला मी गॅलरीच्या एकशे चार पायऱ्या चढते. नायिकांसाठी टाळ्या पिटायला बाकीचं गाव आहे. दर नववर्षाला मी तिला एक शुभेच्छापत्र पाठवते, त्या हाताबद्दल दोन ओळी लिहून. उत्तर कधी आलं नाही, मी मागितलंही नाही.

वीस वर्षं भरली की नर्तकीला पेन्शन. नायिकेसाठी निरोपाचा खास खेळ लावतात, भाषणं होतात, टोपल्याच्या टोपल्या फुलं. चोवीस जणींतल्या एकीसाठी काही नाही. तोंडाचा रंग पुसायचा आणि पिशवी घेऊन घरी जायचं. मला इतकंच हवं होतं, की त्या दिवशी मागच्या दाराशी तिच्यासाठी फुलं घेऊन कोणीतरी उभं असावं. पोलिना आता मुलाकडे राहायला गेली आहे. गॅलरीतल्या बायांना विचारून पाहिलं, तर त्या सगळ्या नव्या नायिकेच्या मागे. तेव्हा तूच ये. माझ्या खुर्चीवर बस आणि फुलं दे. एवढं कर.

जावईबापूंना नमस्कार. मोडक्या बहिणीवर दया म्हणून का होईना, लोभ असू दे.

तुझी ताई,
रिम्मा

* * *

वोलोग्दा, २ मार्च १९७२

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग दोन तास चडफडले. पाय मोडला त्याबद्दल चार ओळी, आणि त्या बाईच्या हाताबद्दल पानभर! डॉक्टर काय म्हणाले? प्लास्टर किती दिवस? जेवायला काय देतात? यातलं एक अक्षर नाही.

आणि मला यायला सांगतेस, तेही मोठ्या तोऱ्यात. एकावन्न साल आठवतं का? माझ्या लग्नात मासळीची कचोरी ताटात पडायच्या आत तू उठलीस, कारण दुसऱ्या दिवशी तुझ्या थिएटरात नवा खेळ होता. रात्रीच्या गाडीचं तिकीट तू लग्नाच्या आधीच काढून ठेवलं होतंस. मी येगोरबरोबर नाचायला उभी राहिले तेव्हा आईच्या शेजारची तुझी खुर्ची रिकामी. आई सगळ्यांना सांगत सुटली की रिम्माचं पोट बिघडलंय. एकवीस वर्षांत मी एका शब्दाने बोलले नव्हते. आज बोलले, झालं, हलकं वाटलं.

येगोरला वाटलं मी साफ नाही म्हणेन. मलाही तसंच वाटत होतं. पण आमच्या लेसच्या कारखान्यात गेल्या वर्षी म्हातारी अग्निया निवृत्त झाली. चाळीस वर्षं एकाच उशीवर टाचण्या रोवून रिळांनी लेस विणत बसली, आणि शेवटच्या दिवशी साहेब तिचं नाव चुकले. ती हसली, रिळं गोळा केली, गेली. तुझ्या पत्रानंतर रात्रभर तीच डोळ्यांपुढे होती. म्हणून येते. तुझ्यासाठी नव्हे, अग्नियासाठी, असं समज.

खारवलेल्या अळंब्या आणतेय, कोंबडीचं सूप तिथेच करेन. मला तुझ्या त्या नाचातलं ओ की ठो कळत नाही, झोप लागली तर बोल लावू नकोस.

रागावलीस तरी लोभ असावा.

तुझी,
क्सेनिया

* * *

दवाखाना, ११ मार्च

चि. क्सेनियास,

काल खिडकीतून तू दिसलीस. तीच हिरवी शाल, आणि दोन्ही हात असे हलवत होतीस की आमच्या खोलीतल्या पाचही बाया कोण आलंय म्हणून उठून बसल्या. फ्लूमुळे भेटी बंद आहेत, कोणालाच आत सोडत नाहीत, त्या दारावरच्या बाईशी भांडू नकोस. पिशवी आणि चिठ्ठी खालच्या खिडकीत दिली की वर येते. सूप गरम पोचलं. अळंब्या डॉक्टरांनी पाहिल्या नाहीत, ही देवाची कृपा.

लग्नाचं लिहिलंस ते बरं केलंस. मी उत्तर शोधते आहे, सापडलं की लिहीन.

आता उद्याचं नीट ऐक. तिकीट या चिठ्ठीतच घातलं आहे. माझ्या टेबलाच्या खणात बाबांची आरमारातली दुर्बीण आहे, तीच ने, भाड्याची घेऊ नकोस. फुलं लाल कार्नेशन, सात. मोजून विषम घे. खेळ संपल्यावर पुढच्या दाराने बाहेर ये, इमारतीला वळसा घाल, अंगणात तपकिरी दार आहे. द्वारपालाला सांग, लिदिया उस्तीनोवा. आणि तिला माझ्या वतीने एकच सांग: बारा वर्षं मी तो हात पाहिला, आणि एकदाही कंटाळले नाही.

पांढऱ्या अंकात झोपलीस तर मात्र बहीण म्हणून ओळख देणार नाही.

रिम्मा

* * *

१३ मार्च, तुझ्या खोलीतून

ती. ताईस सा. न. वि. वि.

ट्रॅममध्ये एक विचार केला होता की तुला खोटंच लिहावं. पण माझं खोटं तू लहानपणापासून वासावरून ओळखतेस. तेव्हा जे झालं ते क्रमाने सांगते, आणि तू शेवटपर्यंत वाच, मधेच पत्र फेकू नकोस.

फुलं सात घेतली. ट्रॅमच्या गर्दीत एका बाईच्या कोपराने एक मोडलं. उरली सहा. सम फुलं मेलेल्यालाच, एवढं मलाही कळतं, म्हणून एक काढून कंडक्टरणीला दिलं. ती लाजली. पाच घेऊन गॅलरीत बसले.

पहिल्या अंकात पेंग आली, कबूल करते. पण पांढरा अंक सुरू झाला आणि ताई, मी सरळ झाले. तीस वर्षं रिळांपुढे बसलेली बाई आहे मी. चोवीस धाग्यांत एक धागा उशिरा पडला तर मला न बघताही कळतं. तुझी डावीकडून तिसरी दुर्बिणीशिवाय सापडली. सगळे हात खाली आले आणि तिचा डावा मागे राहिला, एवढासाच.  मनात म्हटलं, यासाठी माझ्या लग्नातून उठली असेल तर एक वेळ माफ. मग दुर्बीण लावली आणि जरा चक्रावले. वीस वर्षं नाचलेली बाई म्हणजे चाळिशीच्या घरात. हिचा चेहरा पंचविशीचा. वाटलं, पावडरची करामत असेल.

मागच्या दाराशी गेले. नायिकेसाठी ही झुंबड! मी द्वारपालाला नाव सांगितलं, तर त्याने मलाच दोनदा विचारलं की नक्की उस्तीनोवाच का. थोड्या वेळाने एक बाई आली. लोकरी बूट, जाळीच्या पिशवीत बरणी आणि नाचाच्या बुटांचा जुना जोड, एका गुडघ्याने जरा लंगडत होती. मी वरून पाहिली ती ही नव्हती. माझं तोंड तुला माहीत आहे. मी फुलं पुढे करायच्या आधीच बोलून गेले, की तुम्ही नाही, मला डावीकडून तिसरी हवी आहे.

ताई, ती रागावली नाही. तिने विचारलं, मला पत्रं लिहितात त्या रिम्मा अर्काद्येव्हना कुठे आहेत? मग त्या तपकिरी दाराशेजारच्या बाकावर आम्ही अर्धा तास बसलो.

तिने सांगितलं ते असं. साठ साली तिसरी तीच होती. हात मागे राहायचा ही तिची खोड. तालीमबाई रोज ओरडायच्या, ओळ बिघडवतेस म्हणून. तिने ती खोड मोडायचं जवळजवळ ठरवलं होतं, तेवढ्यात नववर्षाला तुझं पहिलं पत्र आलं. तेव्हापासून तिने ओरडा खाल्ला, पण हात सुधारला नाही. पासष्टमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिला मागच्या ओळीत उजव्या टोकाला टाकलं, तिथे गॅलरीतून खांबामुळे दिसतच नाही. तिसऱ्या जागेवर दिना नावाची नवी पोर आली. यांच्याकडे रीत अशी, की जागा सोडणारीने नवीला ती जागा शिकवायची. दोन आठवडे हिने तिला शिकवली, पावलं, मान, हात, सगळं. पोरीने खोडीसकट उचललं. आता तालीमबाई दिनावर ओरडतात.

म्हणजे सात वर्षं तू दिनाला बघत होतीस आणि पत्रं उस्तीनोवाला लिहीत होतीस. मी विचारलं, मग कळवलं का नाही?  ती म्हणाली, की दुसरं कोणी मला लिहीतच नव्हतं. टेबलाचा खण रिकामा करून आली होती, तुझी बाराही पत्रं तिच्या पिशवीत होती, बुटाच्या फितीने बांधलेली. दिनाला ती प्रत्येक पत्र वाचून दाखवायची, पण हातात द्यायची नाही.

फुलं मी तिलाच दिली. तू सांगितलेलं वाक्यही जसंच्या तसं सांगितलं. चूक केली असेल तर पाय बरा झाल्यावर मार.

रागावू नकोस, आणि सूप संपव. लोभ आहे तितका तरी राहू दे.

तुझी,
क्सेनिया

* * *

दवाखाना, १५ मार्च

चि. क्सेनियास अनेक आशीर्वाद.

काल चिठ्ठी पाठवली नाही, कारण काल मी रुसले होते. तुझ्यावर नव्हे, बाबांच्या दुर्बिणीवर. सात वर्षं! गॅलरीत नव्या पोरींना मी शहाणपण शिकवते, कोण कशी उभी राहते ते पाठ फिरवलेली असली तरी सांगते, आणि माझ्याच बाईच्या जागी दुसरी आली हे मला कळलं नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईला सगळं सांगितलं. तीन आठवडे माझं तोंड बघून तिला वाटत होतं की माझा नवरा गेला असावा. ती इतकी हसली की नर्स धावत आली. मग मलाही हसू आलं, आणि त्यातच रडूही.

काल दुपारी पडल्या पडल्या लक्षात आलं, की मी ज्या हाताला निरोप देत रडत होते तो तर जाणारच नाही. मे महिन्यात प्लास्टर निघेल, मी जिने चढेन, आणि तो तिथेच असेल, एक श्वासभर मागे. दिनाला यंदा वेगळं पत्र लिहीन. उस्तीनोवाचं तिलाच जाईल, घरच्या पत्त्यावर. तो तेवढा विचारून घे. फुलं योग्य बाईला दिलीस. मारणार नाही.

लग्नाचं उत्तर सापडलं. मी चुकले. माझ्या वहीत अकराशे खेळांची नोंद आहे, कोण कधी नाचलं, सगळं. त्यात तुझा नाच नाही. येगोरला म्हणावं, उन्हाळ्यात मी वोलोग्दाला आले की त्याने तुला स्वयंपाकघरात तरी एकदा नाचवावं. मी ताटावरून उठणार नाही, आणि या पायाने पळताही यायचं नाही.

आता एक काम, आणि कुरकुर नको. जायच्या आधी सोमवारी सकाळी सहाला रांगेत उभी राहा. तळहातावरचा नंबर पुसू देऊ नकोस, चालताना खाली बघ. मे महिन्यातल्या पांढऱ्या अंकाची तीन तिकिटं काढ, गॅलरीची, पहिल्या रांगेतली. एक माझं. एक तुझं, तुला परत यावं लागेल. तिसरं उस्तीनोवाला नेऊन दे आणि सांग, मधली खुर्ची तुमची. वीस वर्षं ती त्या चोवीस जणींत उभी राहिली, क्सेनिया, आणि वरून ते कसं दिसतं हे तिने एकदाही पाहिलेलं नाही.

तुझी ताई,
रिम्मा