निळ्या दोऱ्याची पेनड्राइव्ह आणि जळकोटच्या बारा मशिनी

लातूर,
२६ डिसेंबर २०२५

सन्माननीय लुंबिनीताई यांस,
निवृत्तीमामाचा सविनय जय भीम.

मायना वाचून हसू नकोस. हैदराबादेत मोठ्या हुद्द्यावर आहेस, भाची असली तरी मान द्यायला पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. इकडे सर्व खुशाल. तुझ्या महानंदामामीचा गुडघा थंडीनं कुरकुरतो, बाकी तिची तब्येत आणि आवाज दोन्ही ठणठणीत. जावईबापूंचा खोकला कसा आहे ते कळव. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. आपल्या नात्यातल्या ऋतुजाच्या लग्नात, भर पंगतीत, तू चूक कबूल करेपर्यंत तुला फोन लावणार नाही असं मी बोलून बसलो होतो. पत्राबद्दल काही बोललो नव्हतो. तुझी आई उद्याच्या एसटीनं तुझ्याकडे निघाली आहे, तिच्याच हाती हे देतो.

चूक कोणती, ते तू सोयीनं विसरली असशील, म्हणून आठवण देतो. माझ्या ज्या पेनड्राइव्हवरून मी मुरुडपासून जळकोटपर्यंत शाळा, दूध केंद्रं, ग्रामपंचायती अशा सगळ्यांच्या कॉम्प्युटरांत सिस्टीम भरून दिली (निळ्या दोऱ्याची, ती कुणी केली हे तुला मी सांगायला नको), तिला तू चार माणसांत जुनाट म्हणालीस. वर समजावूनही सांगितलंस, की तिच्यातला कर्नेल म्हणजे सोयरीक जुळवणारा मध्यस्थ. मशीनमधले पार्ट आणि आपले प्रोग्राम यांची गाठ तो घालून देतो. पण मामा, तुमच्या मध्यस्थानं २०१८ नंतर गाव हिंडलंच नाही, पुढं वसलेली घरं त्याला ठाऊक नाहीत! सगळी पंगत हसली. त्या लग्नाचा खरा मध्यस्थ सत्तरीचा होता, तोही हसला. मी तेव्हाच सांगितलं होतं, माझ्या मध्यस्थानं सात वर्षांत एकही सोयरीक मोडलेली नाही. यानंतर दिवाळीत तू उस्मानिया बिस्किटांचा डबा पाठवलास. तो मी तत्त्व म्हणून न उघडता कपाटावर ठेवला आहे. मामी रोज त्याच्याकडे बघते आणि मग माझ्याकडे बघते.

तर आता जळकोटची हकिगत. तिथं तारामतीबाई मुलींची अभ्यासिका चालवतात. भरतीच्या परीक्षेला बसणाऱ्या साठ मुली आहेत. परीक्षा कॉम्प्युटरवर असते आणि त्यातल्या निम्म्या मुलींनी माउस हातात धरलेला नाही. गेल्या खेपेला एक हुशार पोर केवळ पुढचं पान कसं उघडायचं हे न कळल्यामुळे रडत परत आली. म्हणून गावच्या निवृत्त शिक्षकांनी मिळून बारा नव्याकोऱ्या मशिनी दिल्या. तीन जानेवारीला, सावित्रीमाईंच्या जयंतीला, उद्घाटन आणि त्याच दिवशी पहिली सराव परीक्षा. मशिनी बसवायचं काम अर्थात माझ्याकडं. भिंतीवर माझं नावसुद्धा रंगवून झालं आहे (ऑइल पेंटनं, म्हणजे पुसायची सोय नाही).

मी पेनड्राइव्ह लावली. अक्षरं आली, पण लिंबाएवढी. वायफाय नाही, तारेचं नेट नाही, आवाज नाही. दुसरा माणूस घाबरला असता. मी तडक लातूरला दुकानदार आप्पासाहेबांकडे मशीन घेऊन आलो आणि खराब माल दिल्याबद्दल त्यांची हजेरी घेतली. त्यांनी त्यावर स्वतःची कुठलीशी पेनड्राइव्ह लावली आणि सगळं चालू करून दाखवलं. याला मी योगायोग म्हणतो. मग माझ्या लक्षात आलं की दोष अर्थिंगचा असणार. अर्थिंगच्या खड्ड्यात दोन किलो मीठ आणि आठ घागरी पाणी ओतलं. काही फरक नाही. मग वायरमनकडून सगळी तार नव्यानं ओढून घेतली, त्यासाठी अभ्यासिकेच्या भिंतीला दोन भोकं पाडली (त्यातलं एक माझ्या नावातून गेलं). शेवटी पडदा चालवणाऱ्या नव्या कार्डाचा ड्रायव्हर कुठूनसा मिळवून जुन्या कर्नेलच्या गळ्यात बळंच बांधला. तेव्हा ती लिंबाएवढी अक्षरंही गेली.

तारामतीबाई हे सगळं पाहत होत्या. परवा चहा देताना म्हणाल्या, "निवृत्तीभाऊ, मशिनी तर औंदाच्या हायत. तुमची ती पेनड्राइव्ह कवाची हाय?" मी चहा पिऊन टाकला. कप खाली ठेवला आणि पुन्हा एकदा तारच तपासायला घेतली.

असो. काळजीचं कारण नाही. सगळं माझ्या आटोक्यात आहे. अजून आठ दिवस आहेत आणि माझ्या डोक्यात तीन कल्पना तयार आहेत. हे केवळ खुशालीचं पत्र समजावं.

तुझा,
निवृत्तीमामा

ता. क. तुझी आई एक तारखेला परत येणार आहे. तुला फावला वेळ असेल, तर अगदी नव्या कर्नेलची एक पेनड्राइव्ह तिच्या पिशवीत टाकून दे. मला गरज आहे असं नाही. तुझा हात चालू राहावा म्हणून सांगतो.

ता. क. २. वरचं खोटं आहे. गरज आहे. तीन तारखेला त्या मुलींसमोर बारा काळे पडदे उभे करायची माझी हिंमत नाही. पंगतीत मला राग आला तो स्वतःसाठी नव्हता. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना तू माझ्या दुकानात स्टुलावर बसून दोन दिवस खपलीस आणि ती पेनड्राइव्ह तयार केलीस, निळा दोरा तूच बांधलास. मी गावोगाव सांगत हिंडलो, माझ्या भाचीनं केली आहे म्हणून. त्या पोरीच्या कामाला कुणी जुनाट म्हणावं, मग ती तू का असेनास, हे मला सोसलं नाही.

ता. क. ३. पत्र चिकटवणार एवढ्यात मामीनं थांबवलं. तुझी आई निघाली म्हणून तुझा डबा परत करायचा, आणि सासरी गेलेल्या लेकीचा डबा रिकामा पाठवायचा नाही. म्हणून तिनं तो शेंगदाण्याची चटणी भरायला उघडला. बिस्किटांच्या खाली कागदात गुंडाळलेली पेनड्राइव्ह निघाली. कागदावर तुझं अक्षर: "मामा, नव्या मशिनींसाठी. रागावू नका." दोन महिने कपाटावर होती! जळकोटची एक मशीन माझ्या दुकानात आणून ठेवली आहे, तिच्यावर आत्ताच लावून पाहिली. नेट आलं, आवाज आला, अक्षरं मुगाएवढी झाली. म्हणजे पत्राचं आता काही काम उरलं नाही, तरी पाठवतो आहे, कारण फोनवर मला हे बोलता यायचं नाही. चूक माझी होती. उद्या सकाळीच जळकोटला जातो. भिंतीवर माझ्या नावात पडलेल्या भोकापाशी तुझं नाव लिहून घेतो, जागा आपोआप झालीच आहे. आणि दोऱ्याची काळजी करू नकोस. जुनीचा सोडून नवीला बांधला आहे.