शिळा ओली असताना

सोमवार, ३
१. दहा वाजता संग्रहालयात रुजू झाले. काम: जीवाश्म साफ करणे, मोजणे.
२. मागच्या दोन खोल्या राहायला मिळाल्या. सोबत आलेल्या धाकट्या बहिणीने आल्या आल्या खिडकीजवळची खाट पटकावली.
३. माझ्या आधी हे काम करणाऱ्या बाईंच्या चपला दाराशी तशाच होत्या. धाकटी त्या ढगळ चपला घालून फटफट फिरली.
४. पहिली शिळा ताब्यात घेतली.

शिळा म्हणजे आटलेल्या पाणवठ्याचा, दगड झालेला चिखल. तीत तीन खुरांच्या जनावरांचे अकरा ठसे. घोडा आणि गेंडा यांची फार जुनी भावकी. पाणी फवारलं की ठसे उठून दिसतात. आमच्या खोलीतल्या नळावरून फवारा भरून आणला. इमारतीत दुसरा नळ नाही. ठसे पारदर्शक कागदावर गिरवले. धाकटीने विचारलं, ताई, तुझ्या म्हशी दूध किती देतात? मला जागा आवडली.

मंगळवार, ४
तेरा ठसे. कागदावर अकरा. मोजण्यात माझी सहसा चूक होत नाही; आज झाली असं धरलं. फवारून पुन्हा गिरवले.

बुधवार, ५
एकोणीस. सगळ्या खुरांची टोकं एकाच कोपऱ्याकडे. मी फवारायला तिथूनच सुरुवात करते.
पहारेकरीकाकांना विचारलं. म्हणाले, आधीच्या बाईंनाही सांगितलं होतं, जनावरांना पाणी दाखवलंत ना, मग आता हात आखडू नका. धाकटी म्हणाली, काका, हात आखडण्यात आमच्या ताईचा हात कोणी धरणार नाही.
फवारा कपाटात ठेवून कुलूप लावलं.

गुरुवार, ६
शिळा कोरडी. ठसे वाढले नाहीत.
एका खुराखाली दबलेला आणखी एक ठसा सापडला. पाच बोटं. माणसाचा, अनवाणी, दगडासारखा कडक. चोवीस सेंटिमीटर.
दाराशी जाऊन चपलांवर झिजून उमटलेलं पाऊल मोजलं. चोवीस.
धाकटीला सांगितलं नाही. ती घाबरली नसती, हसली असती.

शुक्रवार, ७
व्हरांड्यात चिखल. तीन-तीन खुरं. शिळेपासून आमच्या नळापर्यंत.
आजच निघू म्हटलं. ती म्हणाली, दहा मिनिटं दे, केस धुऊन घेते. मी गाडी बघायला गेले. जायला नको होतं.

दुपार
नळ वाहतोय. बादली रिकामी. साबण ओला. तिच्या चपला दाराशी—
ती नाही.

शनिवार, ८
शिळेवर नवा ठसा. पाच बोटं. बावीस. तिचाच.
कडक नाही. बोट रुततं. पण कडेने सुकत चाललाय.

संचालक दौऱ्यावर. फोन लागत नाही. काकांच्या हाती चिठ्ठी देतेय, तिची नक्कल:

महोदय, शिळा ओली ठेवू की सुकू देऊ? ओली ठेवली तर बहीण कदाचित परत— पण ती जनावरंही येतील. सुकली तर ठसा दगड होईल. कृपया सोमवार, १० तारखेपर्यंत उत्तर द्यावे. तोवर मी पाणी फवारत राहते.