हिरव्या दगडांचं कुंपण

३ नोव्हेंबर, मंगळवार

पाहुणा आला! जीपमधून, हातोडीसकट. नाव रातिब, अम्मानचा इंजिनीअर. बूट इतके कोरे की वाळूलाच लाज वाटावी. नौफ — माझी नात, तिनंच मला अक्षरं शिकवली — म्हणाली, "आजी, विचार ना, कशाला आलाय?" मी डोळे वटारले. आम्हा वाळवंटातल्या तंबूवाल्यांची रीतच आहे: पाहुण्याला तीन दिवस आणि वर एक तृतीयांश दिवस काही विचारायचं नसतं. खायला घालायचं. लंगडी शेळी कापली. चविष्ट निघाली! जिवंतपणी फार खवचट होती.

४ नोव्हेंबर

सकाळीच जुन्या तांब्याच्या खाणीत शिरला. बिचारा! ती माझ्या सासऱ्याच्या वेळीच बंद पडली. तोंड इतकं अरुंद की माझी जाऊ सुरैया एकदा अडकली होती. तेलानं सोडवली — ते असो. आत काळ्या खडकाचा पट्टा, त्यात तांब्याचं हिरवं, वर पांढरा चुनखडक. हिरवं संपलं, माणसं गेली. आता वटवाघळं आहेत. तीही जायच्या बेतात दिसतात.

५ नोव्हेंबर

आज आमच्या शेळ्यांचं हिरव्या दगडांचं कुंपण फोडत होता! दगडाचा टवका काढतो, जिभेला लावतो, हसतो, नंबराची चिठ्ठी चिकटवून पिशवीत टाकतो. दगड चाटणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला.

"आजी, त्याला सांग ना काहीतरी!"

काय सांगू? तो बोलत नाही, मला विचारायची सोय नाही. दोघंही सभ्य. कुंपण मात्र गुडघ्यावर आलं.

६ नोव्हेंबर

अजून चाटतोय.

७ नोव्हेंबर, शनिवार

मुदत संपली! चहा ओतता ओतताच विचारलं. रातिबनं कागद उलगडला.

"आजी, अभिनंदन! तांबं तुमच्या दारात आहे."

म्हणे, खाणीत हिरवं खोल, चुनखडकाच्या खाली. इथे ते चुनखडकाच्या वर. म्हणजे कधीतरी जमीन तडकली आणि हा तुकडा वर सरकला. कागदावर तांबडी रेघ — कुंपणातून थेट माझ्या चुलीवर! "इथे भोकं पाडावी लागतील. तुम्हाला तंबू हलवावा लागेल. विहीरही बुजेल."

विहीर! माझ्या नवऱ्यानं, फरजनं, दोन उन्हाळे खपून खणलेली. तो गेला, पाणी अजून आहे.  आणि मग असं हसू फुटलं की काय सांगू!

"अरे बाळा, जमीन नाही सरकली. मी सरकवली! लग्न झालं त्या वर्षी, दोन गाढवांवरून. खाणीच्या तोंडाशी दगड आयते पडले होते."

तो कागदाकडे बघतच राहिला. "चार दिवस तुम्ही गप्प बसलात?"

"तू पाहुणा ना!"

"मग मी तरी कुणाला विचारायचं होतं?"

"मला! पाहुण्याला कुठे बंदी आहे?"

सुरैयाला राहवतंय थोडंच? "आमचं कुंपण खाऊन पोटात जागा उरली असेल, तर भात तयार आहे."

तोही हसला शेवटी. कान लाल.

८ नोव्हेंबर

गेला. जाण्याआधी माझ्यासमोर तांबडी रेघ खोडली. दगड परत केले, चिठ्ठ्यांसकट. आता साऱ्या खोऱ्यात नंबर लावलेलं कुंपण फक्त आमच्या शेळ्यांचं! विहिरीचं पाणी आज जरा गोडच लागलं.

१९ नोव्हेंबर

कुंपणाचा कोपरा नव्यानं रचायला घेतला. सगळ्यात खालचा दगड हलेना. नौफनं पहार लावली — नाही. हातभर खणलं. तो दगडच नव्हे. जमिनीतून वर आलेला काळा पट्टा, आत हिरवागार, खाली खाली गेलेला. हा काही मी गाढवावरून आणलेला नाही.

म्हणजे पोराची रेघ खरी होती!

दोघींनी मिळून वर दोन टोपल्या लेंड्या लोटल्या. पाहुण्याला किती दिवस विचारायचं नाही, ते वाडवडिलांनी ठरवून ठेवलंय. त्याला किती दिवसांत सांगायचं — ते कुणीच ठरवलेलं नाही.