स्वयंपाकघराच्या दारातला आवाज

"पंखा बंद करा," असं मी म्हटलं की आमच्या हॉलमध्ये सगळे हसायचे. गाणं टेप करायचं होतं त्या रविवारीही हसले. श्यामकांत स्टुलावर चढून छताच्या कडीला माइक टांगत होते, मी खालून स्टूल धरलं होतं. वरूनच ते म्हणाले, "नीलू, माइकला उकडत नाही गं, माणसांना उकडतं." टेप तेव्हा सुरू केली नव्हती, त्यामुळे हे वाक्य फक्त माझ्यापाशी राहिलं आहे. ते इथे लिहून ठेवते आणि कामाला लागते.

मी, श्रीमती नीलिमा श्यामकांत कारखानीस, वय अडुसष्ट वर्षे, राहणार मांजर्ली, बदलापूर पश्चिम, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, माझ्या मर्जीने लिहीत आहे. गुडघे सोडले तर प्रकृती ठीक आहे. कान उत्तम आहेत, आणि या दस्तऐवजात त्यांचंच काम जास्त आहे.

१. माझा राहता फ्लॅट माझ्या पश्चात माझा मुलगा अनीश याच्या मालकीचा होईल. त्याने तो ठेवावा, भाड्याने द्यावा किंवा विकावा. मात्र हॉलच्या छतातली कडी काढू नये, आणि विकायची वेळ आलीच तर कापून सोबत न्यावी. त्या कडीला आधी अनीशचा पाळणा होता. तो त्यात मावेनासा झाल्यावर तिथे माइक आला.

२. बँकेतल्या ठेवीही अनीशच्या. पाटल्या आणि मोहनमाळ सून चैत्रालीला. तिला जुनी घडण आवडत नाही, हे मला माहीत आहे. मोडून नवीन केलं तरी माझा राग नाही.

३. माझा मिक्सर शेजारचे हरिचंद्र भावजी यांना द्यावा. गाणं रंगात आलं की नेमकी त्यांच्याकडे चटणी वाटली जायची. श्यामकांतांनी एकदा बेल वाजवून विचारलं, तर म्हणाले, "तुमचा तबला आम्ही ऐकतो, आमचा मिक्सर तुम्ही ऐका." त्यांचा एव्हाना झिजला असेल. माझा वापरावा, आणि आता खुशाल हवा तेव्हा लावावा.

४. माइक. हा आम्ही उल्हासनगरच्या बाजारातून घेतला. डोकं एक, पण आत कान दोन, डावा आणि उजवा. मी दुकानदाराला विचारलं, की पेटी, तबला आणि गाणारी बाई एवढ्या सगळ्यांना हा एकटा पुरेल का. तो श्यामकांतांना म्हणाला, "साईं, माइक तो एक ही बस है. भाभीजी को बंदे बिठाना आना चाहिए."

ते मला येत होतं. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर बेनेडिक्टा कोरसच्या वेळी डोळे मिटून उभ्या राहायच्या आणि जी बेसूर झाली तिच्याकडे अचूक बोट दाखवायच्या. त्यांच्याकडून मी शिकले, की आवाजाला जागा असते. माइक एक असला की बटणं फिरवून काही साधत नाही, माणसंच पुढेमागे बसवावी लागतात. गाण्याला आपण बैठक का म्हणतो, ते मला तेव्हा कळलं.

गाणाऱ्या गयाबाईंचा आवाज मऊ, म्हणून त्या कडीच्या बरोबर खाली. त्यांचा मुलगा राजरत्न शिरसाट अंबरनाथच्या कारखान्यात श्यामकांतांच्या हाताखाली होता. त्याचा तबला दणदणीत, म्हणून तो खिडकीपाशी. "वहिनी, पुढच्या खेपेला मला जिन्यातच बसवा," असं तो दर वेळी म्हणायचा. आणि श्यामकांतांची दाद सगळ्यांत मोठी, म्हणून त्यांना मी सगळ्यांत लांब बसवलं, डाव्या बाजूला, स्वयंपाकघराच्या दारात.

५. आता माझा एक रुसवा आहे, त्याचीही विल्हेवाट लावते.

गयाबाई बुद्धाची, बाबासाहेबांची गाणी म्हणायच्या, मग आमच्या आग्रहाखातर एखादा अभंग. त्यांनी समेवर सूर असा अलगद टेकवला की दारातून आवाज यायचा, "मेलो, मावशी!" आणि त्या गाता गाता म्हणायच्या, "मरू नका साहेब, अजून अंतरा बाकी आहे." मग हशा, आणि अंतरा.

श्यामकांत गेल्यानंतरच्या माझ्या वाढदिवसाला अनीशने अशा एका बैठकीची कॅसेट नेली आणि कॉम्प्युटरवर साफ करून आणली. "आई, नॉइज सगळा काढला. मागे कोणीतरी सारखं ओरडत होतं. आता कॅसेटी टाकून दिल्यास तरी चालेल."

मी ऐकलं. गाणं काचेसारखं स्वच्छ होतं. आणि मध्येच गयाबाई कोणालाच उद्देशून नाही अशा म्हणाल्या, "मरू नका साहेब, अजून अंतरा बाकी आहे."

कोणीतरी! अनीश, तुझे बाबा होते ते. तू कानांनी ऐकलं असतंस तर ओळखलं असतंस. तू पडद्यावरच्या रेघा पाहून काढलंस. मी तेव्हा "छान झालंय" म्हटलं आणि चहा टाकायला उठले, त्याच दारातून.

६. माझ्याकडच्या सर्व कॅसेटी आणि त्या वाजवायचं यंत्र राजरत्नची मुलगी वैष्णवी हिला द्यावं. त्यांतल्या आजीच्या आवाजावर हक्क तिचाच आहे. पण कारण एवढंच नाही. गेल्या दिवाळीत दोन बाजूंना स्पीकर ठेवून तिला मी मूळ कॅसेट ऐकवली. ती डोळे मिटून कडीखाली बसली होती. आमच्या बैठका बंद झाल्या तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता, श्यामकांतांना तिने फक्त फोटोत पाहिलेलं. "मेलो" आलं, तशी न बघता तिने दाराकडे बोट केलं. "आजी, साहेब आजोबा तिकडे बसायचे ना?"

तर वैष्णवीने या कॅसेटींच्या हव्या तेवढ्या प्रती कराव्यात, पण साफ करू नयेत. खोकला, भांडी, भावजींची चटणी, सगळं राहू द्यावं.

७. माझे दिवस करू नयेत, शोकसभा घेऊ नये. तेराव्या दिवशी सकाळी याच हॉलमध्ये बसावं. व्यवस्था राजरत्नने पाहावी, हे मृत्युपत्र अंमलात आणण्याचे अधिकारही मी त्यालाच देते. दोन स्पीकर दोन बाजूंना ठेवावेत. पंखा बंद करावा. उकडेल. स्वयंपाकघराचं दार मोकळं ठेवावं, तिथे कोणीही बसू नये. चैत्रालीने खिडकीपाशी बसावं, तिचं हसणं मोठं आहे आणि मला ते आवडतं. वैष्णवीने मूळ कॅसेट लावावी.

माइक अनीशला. त्याने तो मांडीवर घेऊन कडीखाली, पाळण्याच्या जागी बसावं आणि डोळे मिटावेत. बाबांचा आवाज आला की बोट दाखवावं. बोट दाराकडे गेलं, की माझा रुसवा संपला असं सर्वांनी समजावं, आणि अंतरा पूर्ण ऐकूनच उठावं.

सही: नीलिमा श्यामकांत कारखानीस

आमच्या समक्ष, लिहिलेलं स्वतः मोठ्याने वाचून दाखवून, श्रीमती कारखानीस यांनी सही केली. आम्हा दोघांना यातून काहीही मिळायचं नाही.

साक्षीदार:
१. डॉ. गुरुदत्त पोतनीस, बदलापूर
२. जिज्ञासा भोईर, वांगणी

ठिकाण: बदलापूर (पश्चिम)
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार