तिखट डेव्हलपर

मंगळवार, ३ मे १९९४. कोपरखैरणे
फिल्म कॅमेऱ्यातच. गुंडाळून ठेवली आहे, बाहेर काढायचं धाडस होत नाही.
शनिवारी आण्णा हमाली करतात त्या मार्केटच्या गाळ्यावर गेले होते, कॉलेजच्या फोटो क्लबच्या प्रदर्शनासाठी. विषय मीच सुचवलेला: श्रम. शेवटचा फोटो घेतला, कॅमेरा खाली केला, तोच कांद्याच्या गोण्यांची थप्पी आण्णांच्या जोडीच्या सोपानकाकांवर आली. कंबरेचं हाड मोडलंय. शेठ म्हणतो, सोपाननं स्वतःच मधली गोणी ओढली, चूक त्याची, भरपाई नाही. खोटं. काका गोणी पाठीवर घेऊन दाराकडं चालले होते, मी पाहिलंय. थप्पीच्या बुडाशी कोण होतं ते मात्र अंधारात दिसलं नाही.
हमालांच्या टोळीच्या मुकादमांना सांगितलं. म्हणाले, "पोरी, तुझं कोण ऐकतंय? फोटू हाय का?"
सोमवारी भरपाईची बैठक. फोटो आहे. बहुतेक.

बुधवार, ४ मे
क्लबच्या मृणालकडे. स्टुडिओत फिल्म द्यायची नाही हे दोघींचंही मत. तिथं सगळ्यांच्या फिल्म एकाच टाकीत, एकाच मापानं धुतात. माझी अंधारात काढलेली, प्रकाश कमी पडलेला. म्हणजे घरी, मोरीत, मीच.
डेव्हलपर दोन. मऊ: नुसतं मेटॉल आणि सल्फाइट. दाणा बारीक, फोटो देखणा. तिखट: त्यात हायड्रोक्विनोन आणि सोडा. सावलीतलंही खेचून आणतो, पण दाणा रव्यासारखा, आणि या उकाड्यात फिल्मवरचा थर सुटायची भीती.
मृणाल: "मऊ घेतलास तर दारातले काका छान येतील, मागे सगळा काळोख. असा गोणीवाला तर रोज दिसतो. कलती थप्पी त्याच फोटोत दिसली तरच काही उपयोग."
मग तिखटच. ठरलं. (प्रदर्शन गेलं खड्ड्यात.)

गुरुवार, ५ मे
पावडरी वजन करून पुड्या बांधल्या. बी.एस्सी.चा घरात पहिल्यांदा उपयोग. आईला पटलेलं नाही. "ग्रॅज्युएट बाई, मिठाच्या बरणीशेजारी तुमचं इख ठेवू नका."
पाणी ऊन येतंय. बर्फ लागणार.
आण्णा दोन घास खाऊन उठले. मी पुड्यांवर नावं घालत होते. उभ्या उभ्या म्हणाले, "र्‍हाऊ दे गं ती फिल्म. अंधारातलं काय येतंय?"
येतं, म्हटलं. कसं येतं ते उत्साहानं समजावलं. ऐकून घेतलं त्यांनी सगळं. एवढं कधी ऐकत नाहीत.

शुक्रवार, ६ मे
दवाखाना. सो.का. पांढरेफटक, तरी तोंड चालू. "पोरी, फोटूत पोट आत घेतलं हुतं का मी?" काकू तोंडाला पदर लावून हसल्या, मग तसाच पदर धरून बाहेर गेल्या.
विचारलं, मागे कोण होतं? "पाठीवर गोणी आसल्यावर मागं बघता येतंय व्हय?"
आण्णा माझ्याबरोबर आले होते. दारातच थांबले. आत आले नाहीत.

शनिवार, ७ मे
कळलं. लिहावं की नाही.
सकाळी आण्णा चहा घेता घेता, माझ्याकडं न बघता: "मी ओढली."
थप्पी वरून पायरी-पायरीनं उतरवायची. मधली गोणी ओढायची नाही. जो ओढेल तो टोळीबाहेर, हा टोळीचा नियम. ट्रक खोळंबला होता, शेठ ओरडत होता, वर चढत बसू नको, मधनंच घे. "ऐकलं मी. बावीस वर्षांत कधी ऐकलं न्हवतं."
शेठ हे सांगणार नाही. आण्णांनीही आठवडाभर सांगितलं नाही.
दोन्ही पुड्या समोर. मऊ वापरला तर काका येतील, आण्णा काळोखात राहतील. बैठकीत म्हणता येईल, बघा, फोटो आणला, एवढाच आला. कुणालाही खोटं वाटणार नाही. मला सोडून.
आईला माहीत आहे. तिनं फक्त विचारलं, "कुठली पुडी?"
मी दोन्ही पुड्या उचलून फळीवर ठेवल्या.

रविवार, ८ मे
मार्केट बंद. आण्णा सकाळीच बाहेर. बर्फ राहिलाच होता, म्हणून बोनकोड्यात मासळीवालीकडे गेले. ती म्हणते, "तुजा बापूस आताच नेला ना गो बरफ! फोटूला बरफ लागतं बोलला. फोटू हाय का म्हावरा?"
घरी आले तर बादलीत बर्फ, वर गोणपाट. मोरीच्या झरोक्याला आण्णा घोंगडी ठोकत होते. खिळे तोंडात. कुठला डेव्हलपर, त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं: तिखट. मान हलवली.
पुडी पाण्यात विरघळवली, बाटली बर्फात ठेवून गार केली. अंधारात फिल्म टाकीत भरताना ती दोनदा रिळातून निसटली. मग डेव्हलपर ओतला.
थर सुटला नाही. फिल्म दोरीवर लावली. शेवटच्या चौकटीत काका आहेत. थप्पी आहे, कललेली, स्पष्ट. बुडाशी एक माणूस, दोन्ही हात गोणीला. तोंडाच्या जागी पुसटसं काहीतरी. प्रिंट काढल्याशिवाय कळणार नाही. प्रिंट उद्या सकाळी, मृणालकडे.
आण्णांनी निगेटिव्ह खिडकीशी नेऊन पाहिली. उजेड काळा, अंधार पांढरा, त्यांना काही उमगेना.
"माझं तोंड आलंय?"
"आत्ता सांगता येत नाही, आण्णा."
"आन् न्हाई आलं तर?"
त्यांनी धुतलेला सदरा घातला, चपला घातल्या. आई म्हणाली, "जेवून तरी जावा." "आलोच," म्हणाले.
मुकादमांचं घर डावीकडं, बसस्टॉप उजवीकडं. कुठं वळले ते बघायला मी खिडकीपाशी गेले नाही.