लाल शाईतल्या अकरा चुका

कॅरी (अमेरिका), ९ मार्च १९८६

ती. अप्पांना नमस्कार. 'साष्टांग' आज लिहवत नाही.

आम्ही मजेत आहोत. आईचे गुडघे कसे आहेत?

काल इथे एक सिनेमा पाहिला. अनाथाश्रमात मुलांना मारतात, कोंडतात. दोन बातमीदारांना निनावी चिठ्ठी येते आणि ते वर्षभर खपून सगळं छापतात. बाहेर पडताना शेजारच्या मीनाक्षीकाकू डोळे पुसत म्हणाल्या, "तुझे वडीलही संपादक ना? लकी आहेस गं!" मला हसू आलं.

तुम्हालाही आलं होतं निनावी पत्र. आमच्या शाळेच्या वसतिगृहातल्या रेक्टरबाई मुलींना उपाशी कोठीत कोंडतात, असं. मी सुट्टीला घरी होते. जेवताना तुम्ही ते हसत वाचून दाखवलंत, लाल शाईनं ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा चुका काढल्यात आणि टोपलीत टाकलंत. रेक्टरबाईंच्या सत्काराचा फोटो मात्र पहिल्या पानावर. धन्य तुमची पत्रकारिता!

अप्पा, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मी ते डाव्या हातानं लिहिलं होतं. चुका मुद्दाम केल्या होत्या. कोठी खरी होती.

हे उजव्या हातानं लिहितेय. चुका हव्या तेवढ्या काढा, पण छापा. या वेळी खाली नाव आहे, आणि मधलं तुमचंच आहे.

पद्मिनी पुरुषोत्तम रणभिसे