कान कढईत

आत्या, आज पेढेवाल्यानं खव्याचा गोळा न फोडता नेला. यात सांगण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल, कारण तुम्ही होतात तोवर आपल्या घरचा गोळा कुणी फोडून बघितलाच नव्हता. तुळजापूरहून त्याचा बाप यायचा तेव्हा तो ओट्यावर बसून चहा प्यायचा आणि गोळे त्यानं बघायच्या आधीच गाडीत चढायचे. भूमच्या आसपास घरोघर भट्ट्या, तरी "त्या मावशींचा खवा बघायचा नसतो" असं तो जिथं तिथं सांगायचा. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. मधे काय घडलं ते सांगायला मला तोंड नव्हतं. आज आहे, म्हणून लिहायला बसले.

मी अणदूरहून तुमची सून म्हणून या घरात नांदायला आले तेव्हा खवा ही बाजारातून आणायची वस्तू, एवढंच मला ठाऊक. तुम्ही पहिल्याच आठवड्यात मला भट्टीपुढं बसवलंत. वर तापलेला पत्रा, खाली जाळ, आणि मी नवी नवरी, पदर सांभाळू की उलथनं सांभाळू अशी गत. सारखी वाकून बघायची, घट्ट झालं का, रंग बदलला का. तुम्ही मागून म्हणालात, "बघून काय कळतंय गं? निस्ती वाफ दिसंल. डोळं झाकून बस हवं तर, पर कान कढईत ठिव." मग शिकवलंत. दूध आधी खळखळतं, मग खदखदतं, आटत आलं की फदफदायला लागतं, आणि त्यानंतर एका क्षणी कढई गप्प होते. तेव्हाच जाळ ओढायचा. जरा उशीर झाला की बुडाला लागलंच समजायचं. तो क्षण हाती लागायला मला अख्खं वर्ष लागलं. लागला त्या दिवशी तुम्ही शाबासकी वगैरे काही दिली नाहीत. तुमचं उलथनं, एका बाजूनं झिजून तिरकं झालेलं, माझ्या हातात ठेवलंत आणि शेळ्यांना पाला टाकायला निघून गेलात. मी अजून तेच वापरते. सुनेला ते धरता येत नाही, तिचा हात निराळा.

भट्टीच्या भिंतीतल्या कोनाड्यात तुमचा रेडिओ असायचा. तुम्हाला बातम्यांची भारी हौस. पण दिवसभर त्यावर फडकं, संध्याकाळी भट्टी विझली की हातपाय धुऊन तुम्ही तो खाली घ्यायचात. बातम्या ऐकायच्या, मधेच निवेदकाशी भांडायचं, "आता गं बया" म्हणायचं, आणि संपल्या की बटण पिळून म्हणायचं, "झाली दुनिया. आता घर." मी मनात हसायची. एवढी हौस आहे तर दिवसभर का लावत नाहीत, असं वाटायचं.

लेकानं मला मोठा फोन घेऊन दिला त्याला चार वर्षं झाली. सुरुवातीला मी त्यात नातवाचे फोटो बघायची. मग बातम्या लागल्या. भट्टीपुढं तांब्याला टेकवून फोन उभा करायचा आणि ढवळता ढवळता बघायचं. त्यात बातम्या संपत नाहीत, आत्या. एक झाली की दुसरी आपोआप सुरू. चार माणसं एकमेकांवर खेकसतात, कुठं खून, कुठं मोर्चा, कुठं लढाई. कुठल्या देशानं कुणावर क्षेपणास्त्र टाकलं ते मी सुनेला समजावून सांगायची. आणि आपली मोरी म्हैस दोन दिवस पेंडीला तोंड लावत नव्हती, हे मला शेजारणीनं येऊन सांगितलं. गोठा माझ्या पाठीमागं दहा पावलांवर. तरी मी शुद्धीवर आले नाही.

मग एक कढई लागली. कढई गप्प झाली असणार, पण फोन बोलत होता. वास आला तेव्हा जाळ ओढला, तोवर तळ तपकिरी. मी काय केलं ते लिहायला आजही जड जातंय. वरचा वरचा खवा काढला, चांगल्यात मिसळला आणि पाठवून दिला. म्हटलं, कुणाला कळतंय. पुढच्या खेपेला पेढेवाला आला, चहाला नको म्हणाला, ओट्यावर बसलाही नाही. पहिलाच गोळा उचलून त्यानं माझ्यासमोर दोन्ही अंगठ्यांनी फोडला आणि नाकाशी धरला. "राग मानू नका काकू," म्हणाला, "गिऱ्हाईक बोलाय लागलंय." तो भिडस्त पोरगा, नजर खाली होती त्याची. तो गेल्यावर मी भट्टीच्या शेडमधे जाऊन रडले. तुम्हाला मी मान खाली घालायला लावली होती.

दुसऱ्या दिवशीपासून फोन तुमच्या कोनाड्यात गेला, वर फडकं. तिसरी कढई उतरेपर्यंत हात लावायचा नाही आणि बातम्या संध्याकाळी एकदाच, सगळ्यांनी मिळून. सोपं नव्हतं. हात सारखा कमरेला जायचा, तिथं काही नसायचं. पहिल्या दिवशी चारदा उठून बघून आले. तीनदा कुणीतरी गुलाबाची फुलं पाठवली होती, चौथ्यांदा काहीच नव्हतं. सून चेष्टा करायची, "आत्या, जग बुडालं तर तुमाला सांजच्यालाच कळंल बगा." मी म्हटलं, "बुडालं तर पाणी इथवर येईलच की गं." ती हसली, पण आठवड्याभरानं तिचाही फोन मला कोनाड्यात दिसला. मी काही बोलले नाही, हे तुमच्याकडूनच शिकले.

कान लगेच परत आले नाहीत. दोन महिने मी अंदाजानं जाळ ओढत होते, कधी लवकर, खवा ओलसर राहायचा. पेढेवाला येऊन गोळा फोडायचा, मी समोर उभी राहायची. आत पळून जायचं नाही, एवढं ठरवलं होतं. मग एका सकाळी शेळी ओरडत होती, रस्त्यावरून ट्रॅक्टर चालला होता, आणि त्या सगळ्यात मला कढई गप्प झालेली कळली. डोळे मिटलेलेच होते. जाळ ओढला, उलथनं फिरवलं, गोळा असा सुटून आला की काय सांगू. मला माझाच अभिमान वाटला, आत्या. पन्नाशी उलटल्यावर गेलेली गोष्ट मी परत मिळवली, तीही कुणाच्या धाकाशिवाय.

आणि आज तो आला, ओट्यावर टेकला. गोळा उचलला, दोन्ही अंगठे ठेवले, माझ्याकडं बघितलं आणि तसाच गाडीत ठेवला. म्हणाला, "काकू, च्या टाका की." मी इतकी साखर घातली की त्याला घोट घोट करून प्यावा लागला.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, कोनाड्यात फोनखाली ठेवीन. पण एक राहिलंय. मला शिकवून झाल्यावर दुसऱ्या वर्षी एक कढई करपली होती. तुम्ही भावकीत गेला होतात, मी एकटी होते. लाकडं ओली होती, असं मी सांगितलं. तुम्ही हो म्हणालात, ती कढई म्हशीपुढं ओतलीत आणि पेढेवाल्याच्या बापाला सांगितलंत, "एक कढई म्या करपवली, आज कमी घिऊन जावा." लाकडं कोरडी होती, आत्या. मी तुमचा रेडिओ लावला होता, काटा फिरवून गाणी शोधत बसले होते. काटा तिथंच राहिला, हे माझ्या ध्यानात आलं नाही. संध्याकाळी तुम्ही रेडिओ खाली घेतलात, बटण पिळलंत, बातम्यांच्या जागी गाणं लागलं. तुम्ही काटा हळूच पहिल्या जागेवर आणलात, आणि माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीत.